‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ की ‘कम अँड सी’?

युद्धविरोधी सिनेमा एकच बघायचाय, कुठला बघू, असं भाच्याने विचारलं.

दिग्दर्शक कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) दीड तासात संपतो. क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ (१९८५) जवळपास अडीच तासांचा.

खरा फरक झळ किती बसते यात आहे. पहिल्यात फसलेल्या हल्ल्याचं खापर फोडायला फ्रेंच सेनापती आपल्याच तीन सैनिकांना गोळ्या घालायला लावतात. संताप येतो. दुसऱ्यात, १९४३च्या बेलारूसमध्ये, नाझी माणसांसकट गाव जाळतात आणि फ्ल्योरा या कोवळ्या पोराचा चेहरा बघता बघता म्हातारा होतो. तो चेहरा मला कित्येक रात्री दिसत होता.

सत्तेचा निर्दयपणा समजून घ्यायचाय, घरच्यांसोबत बसायचंय, तर पहिला. सोसायची तयारी असेल तर दुसरा, पण एकट्याने नको. भाचा सोळा वर्षांचा आहे. त्याला पहिलाच लावून दिला.