पाल्मिएरी ऐकताना सम शोधू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा लॅटिन संगीतातला पियानोवादक आणि बँडप्रमुख एडी पाल्मिएरी वयाच्या ८८ व्या वर्षी गेला. त्या आठवड्यात त्याची दोन-चार गाणी कानावर पडली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरं फारसं काही वाजलेलं नाही. आता इतके महिने झालेत की पहिला भर ओसरलाय. कोणते अल्बम परत परत लावावेसे वाटतात आणि कोणते एकदा ऐकून बाजूला पडले, हे आता जरा खात्रीने सांगता येईल.

आधी माझ्या कानाबद्दल, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. मी हौशी हार्मोनियमवाला. माझं मुख्य काम म्हणजे तबल्याच्या मुलांना लेहरा धरून देणं. म्हणजे एकच ओळ अर्धा-पाऊण तास, लय न हलवता, कंटाळा चेहऱ्यावर न दाखवता वाजवत राहायची. जॅझचं माझं ज्ञान बेताचंच. स्पॅनिश तर येतच नाही. तरीही पाल्मिएरीचा पियानो ऐकल्यावर पहिल्यांदा हेच वाटलं, की अरे, हा तर लेहरा धरतोय! आणि पुढच्याच मिनिटाला कळलं, की लेहरा धरता धरता तबलाही हाच वाजवतोय.

त्याचं कारण त्याच्या लहानपणात आहे. जन्म १९३६ चा, न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेममधला. आईवडील पोर्तो रिकोतल्या पोन्से गावचे, आणि वाढला साउथ ब्राँक्समध्ये. मोठा भाऊ चार्ली नऊ वर्षांनी पुढे आणि तोही नावाजलेला पियानोवादक. घरात पियानो होताच, पण तेरा वर्षांचा एडी मामा-काकांपैकी कुणाच्या तरी बँडमध्ये जाऊन बसला तो टिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायची धातूच्या ढोलांची जोडी, वाजवायला. पुढे तो पियानोकडे परतला, पण हातातला ढोल काही गेला नाही. काही ठिकाणी तो पूर्ण पंजा किंवा थेट कोपर स्वरांवर आदळतो, तेव्हा ते चुकून झालंय असं वाटत नाही, कारण तो आघात लयीत बरोबर हव्या त्या जागी पडलेला असतो.

आता खरी अडचण. आपल्या कानाला सम लागते. ठेका सुरू झाला की आपण नकळत पहिली मात्रा शोधतो आणि तिथे मान हलवतो. इथे पहिल्या मात्रेवर बास बहुतेक वेळा वाजतच नाही. चार-चारचे दोन भाग धरून आठ मात्रा मोजा: बासचा स्वर पडतो अडीचव्या मात्रेवर, मग चौथीवर, मग साडेसहाव्या आणि आठवीवर. शिवाय चौथीवर पडणारा स्वर पुढच्या भागाचा असतो, तो आगाऊच येऊन बसतो. त्यामुळे पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं, की मी एक पायरी चुकून उतरतोय. ह्यावर उपाय एकच, क्लावे. दोन लाकडी दांड्यांचा पाच ठोक्यांचा आराखडा. आठ मात्रांत पहिली, अडीचवी, चौथी, सहावी, सातवी. काही गाण्यांत हेच दोन अर्ध उलटे येतात, आधी दोन ठोके आणि मग तीन. हे हाताने टाळीवर धरायला लागलो आणि चार-पाच दिवसांत सगळा गोंधळ जागेवर आला. गंमत म्हणजे पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये त्या दांड्या कुणी वाजवतच नाही, सगळेजण त्या मनात धरून वाजवतात. आपल्याकडे टाळी-खाली कुणी मोठ्याने देत नाही तरी सगळ्यांना ठाऊक असते, तशातलाच प्रकार.

अर्थात बोंगो-काँगा हे हाताने वाजवायचे लॅटिन ढोल आपल्या कानाला अगदीच परके नाहीत. सी. रामचंद्र यांच्याकडे गोव्यातल्या आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते आणि मुंबईच्या हॉटेलांतले गोव्याचे वादक रात्री लॅटिन नाचाच्या चाली वाजवून सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. पण ती चव होती. इथे पूर्ण ताट वाढलेलं आहे.

सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर १९६५ चा 'आसूकार पा' ती'. पाल्मिएरीने १९६१ मध्ये 'ला पेर्फेक्ता' हा बँड काढला. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये चारांगाची, म्हणजे बासरी आणि व्हायोलिनवाल्या बँडची लाट होती. ह्याने बासरी ठेवली, व्हायोलिनं काढली आणि तिथे दोन ट्रॉम्बोन बसवले. एक ब्राँक्सचा बॅरी रॉजर्स, दुसरा ब्राझीलहून आलेला होसे रॉड्रिगेस. भाऊ चार्लीने त्या मिश्रणाला गमतीने 'ट्रॉम्बांगा' म्हटलं. गायला इस्माएल किंताना, टिंबालेस आणि बोंगोवर मॅनी ओकेन्डो. वरती नाजूक बासरी आणि खाली दोन ट्रॉम्बोन रस्ता खणत चाललेले, हा आवाज एकदा कानात बसला की बाकीचे बँड जरा सौम्यच वाटायला लागतात.

ह्या अल्बममधलं 'आसूकार' आठ मिनिटांहून मोठं आहे, तेही रेडिओवर तीन मिनिटांचं गाणं चालायचं त्या काळात. पॅलेडियमच्या नाचघरात लोकांनी ते आधीच डोक्यावर घेतलं होतं, म्हणून लांबीला कात्री न लावता ते तसंच रेकॉर्ड झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत हा अल्बम २००९ साली दाखल झालाय. मी मात्र हे गाणं एका वेगळ्याच कारणासाठी लावतो. मध्यावर पियानोचा सोलो येतो तेव्हा डावा हात तीच ती ओळ, म्हणजे माझ्या भाषेत लेहरा, सोडत नाही. उजवा हात मात्र तिच्याशी देणंघेणं नसल्यासारखा भटकतो, मागे रेंगाळतो, मध्येच धावत येतो. आधी वाटतं दोन पियानो आहेत. मी हार्मोनियमवर हे करून पाहिलं: डाव्या हाताने भाता असतो, तेव्हा ही सोय आपल्याला नाहीच. मग मुलीच्या कीबोर्डवर करून पाहिलं. उजव्या हाताने नुसती सारेगम वेगळ्या लयीत घेतली तरी डावा हात तिच्या मागे पळतो. त्या सोलोत डावा हात कितीतरी वेळ हलत नाही. एकदा फक्त डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐका आणि मग सगळं गाणं ऐका, मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

आणि कृपा करून हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गायब होतो, काँगाचा खर्ज गायब होतो, उरतो तो फक्त तुताऱ्यांचा आणि घंटेचा कलकलाट. शेजारच्या खोलीतून सौ. विचारते, भांडी पडली का? साधे तारेचे हेडफोनसुद्धा चालतील, पण बास ऐकू आला पाहिजे. साठच्या दशकाच्या पहिल्या रेकॉर्डचा आवाज तसाही थोडा कोंदट आहे. महागड्या यंत्रावर तो सुधारत नाही, उलट जास्त स्पष्टपणे कोंदट ऐकू येतो.

ह्याच काळातला 'एल सोनिदो नुएवो' (१९६६), व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्या कॅल चेडरबरोबरचा, शांत संध्याकाळी लावायला उत्तम. पाहुणे आले की आमच्याकडे हाच लागतो. इथे पाल्मिएरी जरा सभ्यपणे वाजवतो, त्यामुळे मला तो एकट्याने ऐकायला फारसा लागत नाही.

१९६८ मध्ये ला पेर्फेक्ता मोडला आणि पुढची सहा-सात वर्षं माझ्या मते सगळ्यात भारी. १९७१ चा 'वामोनोस पा'ल मोन्ते' घ्या. शीर्षकगीतात एडी पियानोवर आणि भाऊ चार्ली ऑर्गनवर. ऑर्गन शिरतो तेव्हा खोलीचं तापमान वाढतं. त्याच वर्षीचा 'हार्लेम रिव्हर ड्राइव्ह' वेगळ्या जातीचा: सोल आणि फंक वाजवणारे कृष्णवर्णीय वादक आणि लॅटिन वादक एकत्र, ढोलांवर बर्नार्ड पर्डी, गिटारवर कॉर्नेल डुप्री, बॅरिटोन सॅक्सवर रॉनी क्यूबर, शब्द इंग्रजीत आणि विषय वस्तीतली गरिबी. तेव्हा तो नीट खपला नाही. लॅटिन दुकानदारांना तो लॅटिन वाटला नाही आणि बाकीच्यांना फारच लॅटिन वाटला. ज्यांना ह्या संगीताची अजिबात सवय नाही आणि जे फंक ऐकतात, त्यांनी इथून सुरुवात केली तरी हरकत नाही.

हीच मंडळी घेऊन तो सिंग सिंग तुरुंगात वाजवायला गेला. 'लाइव्ह ॲट सिंग सिंग' (१९७२) मध्ये कैद्यांचा आवाज संगीताइतकाच मोठा आहे. मध्ये कवी फेलिपे लुसिआनो बोलतो. रेकॉर्डिंग खडबडीत, माइक कुठे आहेत देव जाणे. रोज ऐकण्याची वस्तू नव्हे, पण एकदा पूर्ण ऐकल्याशिवाय राहू नका.

आता ज्या दोन अल्बमांसाठी हा सगळा खटाटोप. १९७३ चा 'सेन्तिदो' आणि १९७४ चा 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक'. 'सेन्तिदो'तलं 'आदोरासिओन' एकट्या पियानोने सुरू होतं, ठेका नाही, आलापासारखं, स्वर घासून, थांबून, परत त्याच जागी येऊन. मग बँड कुठल्याशा दारातून आत येतो. दुसऱ्या अल्बममधलं 'उन दिया बोनितो' तर चौदा मिनिटांहून लांब आहे. पहिली कित्येक मिनिटं पियानो, विचित्र ध्वनी आणि अंधार. नाचणाऱ्यांनी तेव्हा काय केलं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो. पण तो धीर धरलात, तर लय पकडली जाते त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटतं. ॲपवर आरंभ ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो, तो करायचा नाही, कारण मग उरतं ते एक बरंसं सालसा गाणं. गायक लालो रॉड्रिगेझ तेव्हा सोळा वर्षांचा होता. आवाजात अजून कोवळेपणा आहे आणि मागे बॅरी रॉजर्सचा ट्रॉम्बोन त्याला सांभाळून घेतोय असं वाटतं. ग्रॅमीने लॅटिन संगीताचा विभाग पहिल्यांदा काढला तेव्हा पहिलं पारितोषिक ह्याच अल्बमला मिळालं.

ह्यानंतर माझा उत्साह जरा ओसरतो. १९७८ चा 'लुकुमी, माकुम्बा, वूडू' मी प्रामाणिकपणे तीन वेगवेगळ्या मनःस्थितींत लावून पाहिला. वाद्यं भरपूर, पॉलिश भरपूर, आणि पियानो कुठेतरी मागे. नव्वदच्या दशकातले 'पाल्मास' (१९९४), 'आरेते' आणि 'व्होर्टेक्स' हे तीन खऱ्या अर्थाने लॅटिन जॅझ: गायक नाही, पुढे ब्रायन लिंचचा ट्रम्पेट, कॉनरॅड हर्विगचा ट्रॉम्बोन, डॉनल्ड हॅरिसनचा सॅक्स. जॅझवाले मित्र ह्यांचंच कौतुक करतात. वाजवणं निर्दोष आहे यात वाद नाही. मला मात्र गायकाची आणि मागच्या कोरसची उणीव भासते. कोरस तीच ओळ परत परत म्हणतो आणि गायक तिच्या मधल्या जागा भरतो, त्या ओढाताणीवरच तर पियानो तापतो. 'पाल्मास' ठेवा, बाकीचे दोन आवडले तर बघा.

तक्रारीही आहेत. एक म्हणजे त्याचं हुंकारणं. वाजवताना तो घशातून आवाज काढतो, गुरगुरतो, आणि हेडफोनवर ते स्पष्ट ऐकू येतं. मला आवडायला लागलंय, घरच्यांना नाही. दुसरी, जुन्या अल्बमांत दोन झकास गाण्यांच्या मध्ये एखादा बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, येतो, गोडगोड, पाघळलेला. त्या वेळच्या नाचघरात जोडप्यांना त्याची गरज असणार, मला घरी नाही. तिसरी तक्रार गाणी ऐकवणाऱ्या ॲपवाल्यांबद्दल. मी वापरतो त्या ॲपवर एकच गाणं पाच संकलनांत आहे, प्रत्येकावर वेगळं साल, वादकांची नावं एकाही ठिकाणी नाहीत. १९६४ चं गाणं २०१० चं म्हणून दाखवतात. म्हणून 'पाल्मिएरीची सर्वोत्तम गाणी' असल्या याद्यांच्या नादी न लागता मूळ अल्बमच्या नावानेच शोधा, आणि गाणं पाच मिनिटांपेक्षा लहान असेल तर ते कापलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

शेवटी, २०१८ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्याने 'फुल सर्कल'मध्ये आपलीच जुनी गाणी परत वाजवली. 'आसूकार' आणि 'वामोनोस पा'ल मोन्ते' दोन्ही आहेत. ध्वनी स्वच्छ, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं, बास तर छान भरीव. क्लावे आणि बासच्या जागा शिकायच्या असतील तर ही नवी आवृत्ती सोयीची, मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना तीच दिली. नंतर त्यांना १९६५ चं मूळ लावून दाखवलं. धाकटा म्हणाला, ह्यात सगळे घाईत आहेत. घाई नाही, लय तीच आहे, मोजून बघ म्हटलं. तो अजून मोजतोय.