हर्णै बंदराच्या वाटेवरचं फायबरचं दुकान

वडिलांची सव्वीस फुटी लाकडी होडी. यंदाच्या मासेमारी बंदीत, म्हणजे 1 जून ते 31 जुलैमध्ये, घरीच डागडुजी करायची ठरवली, कारण सुताराकडे नंबरच लागेना. सामान घेतलं हर्णै बंदराच्या वाटेवरच्या एका दुकानातून. पाटीवर रंगकंपनीचं नाव एवढं मोठं आहे की दुकानाचं नाव मला अजून माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी रुबाबात म्हटलं, "काका, दहा किलो रेझिन आणि साडेचारशेचं मॅट द्या." (रेझिन म्हणजे चिकट राळ, मॅट म्हणजे काचतंतूंचं कापड, चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचं; दोन्ही मिळून लाकडावर फायबरचा थर बसतो.) काका काट्याकडे वळलेच नाहीत. "लाकूड सुकलंय का, नाखवा?" म्हटलं, झापांखाली आहे, सुकलंय की. त्यांनी काउंटरखालून प्लास्टिकचा एक तुकडा काढून हातात दिला. रात्रभर तळाच्या फळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवा, सकाळी आतून घाम आलेला दिसला तर इकडे फिरकू नका.

सकाळी घाम कसला, थेंबच होते. ओल्या लाकडावर मारलेलं फायबर धरत नाही, फुगून सुटतं आणि आत फळी कुजत राहते. गेल्या खेपेला आमचं हेच झालं होतं, आणि मी दोष रेझिनला देत होतो.

हॅलोजन लावून तीन आठवडे वाट पाहिली. तोवर शाफ्टचं, म्हणजे इंजिनापासून होडीच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याचं, ग्लॅण्ड पॅकिंग बदललं; दांडा बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी ही दोरी. दोरीच्या कड्या कापायच्या आणि प्रत्येकीचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवायचा, हे काकांनी पाइपच्या तुकड्यावर करून दाखवलं. झिंकवर, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर, रंग मारू नका हेही त्यांनीच सांगितलं. रंग लागला की झिंक झिजतच नाही, मग खारं पाणी पंख्याला खातं. आमच्या झिंकवर दोन हात रंग होता. मीच मारला होता, छान दिसावं म्हणून.

शेवटी रेझिन मिळालं. चार चौरस मीटर जागा, दोन थर, मॅट 3.6 किलो आणि रेझिन त्याच्या अडीचपट. काकांनी नऊ किलोच मोजलं, दहा नाही.

तक्रार एकच, पण मोठी. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, दिसायला पाण्यासारखा, आणि भरून दिला पाण्याच्याच रिकाम्या बाटलीत. वर चिठ्ठीसुद्धा नाही. घरात पोरं आहेत! रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायच्या कोबाल्टची बाटलीही त्याच पिशवीत कोंबलेली. ही दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो; आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच हार्डनर. एवढं शिकवणाऱ्या माणसाला दोन चिठ्ठ्या चिकटवता येऊ नयेत? बोललो तर हसले. यासाठी एक तारा कापतोय.

दुपारी एक ते चार बंद. पक्कं बिल मागितलं तरच मिळतं.

होडी पाण्यात उतरवली. इंजिन चालू असताना ग्लॅण्डमधून मिनिटाला पाच-सहा थेंब येतात. तेवढे यायलाच हवेत, नाहीतर शाफ्ट तापतो. आईला मात्र पटत नाही. ती रोज विचारते, पैसे घालून परत गळतंच आहे ना?