फिरतं घर करायला जुनी गाडी: ट्रॅव्हलर की ईको?

आत ताठ उभं राहून चहा करायचा असेल, तर उंच छताची फोर्स ट्रॅव्हलरच. मारुतीच्या ईकोत पँट बदलायची तरी आडवं व्हावं लागतं. पण ईको खिशाला परवडते, पेठेतल्या बोळात शिरते आणि तिचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात घाट चढताना बूड शेकतं, ते वेगळंच.

जुनी ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीची, कंपनीच्या किंवा शाळेच्या फेऱ्या मारून थकलेली. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मॅट उचला, चाकांवरच्या पत्र्यावर आणि दाराच्या उंबऱ्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून गंज बघा. कोकणातली गाडी असेल तर दोनदा. मी पाहिलेल्या एकीत नव्या रंगाखाली नुसतं पुट्टीचं लिंपण होतं.

कागदांचा घोळही तिचाच मोठा: परमिट, फिटनेस, थकलेला कर, जुनं कर्ज. शिवाय सीटा काढून पलंग-ओटा बसवणं म्हणजे गाडीत बदल. त्याला आरटीओची मंजुरी लागते, ईकोलासुद्धा.

दोघांच्या शनिवार-रविवारला ईको पुरे. महिनोन्‌महिने राहायचं असेल तर ट्रॅव्हलर, पण आधी सोसायटीत ती उभी कुठे करणार ते बघा.