दोरीवरचा साप की सोन्याचा दागिना? अद्वैतातली माया समजून घ्यायची तर आधी काय वाचावे

‘जग मिथ्या आहे’ हे वाक्य कानावर पडले की मराठी माणसाची पहिली चूक तिथेच होते. आपल्या बोलण्यात मिथ्या म्हणजे सरळ खोटे. वेदान्तात मात्र या शब्दाला नेमकी जागा आहे. वांझेचा मुलगा असत्, कारण तो कधी कुणाला दिसलाच नाही. ब्रह्म, म्हणजे मूळ एकमेव सत्य, ते सत्, कारण त्याचा कधी बाध होत नाही, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने ते खोटे ठरत नाही. अंधारात दोरीवर दिसलेला साप या दोन्हींत बसत नाही. तो दिसतो, दरदरून घाम फोडतो आणि दिवा आणला की जातो. असा जो ना सत् ना असत्, तो मिथ्या.

सुरुवात करणाऱ्याला साधारण तीन ग्रंथ सुचवले जातात: गौडपादांची माण्डूक्यकारिका, शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य आणि ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव. तिन्ही अद्वैतच, म्हणजे ब्रह्माखेरीज दुसरे काही नाही हेच, सांगतात. पण ‘मग हे समोर दिसते त्याचे काय?’ असे विचारले की तिघांची उत्तरे तीन दिशांना जातात.

कारिका आकाराने लहान, म्हणून मोह पडतो. १२ मंत्रांच्या माण्डूक्य उपनिषदावर २१५ श्लोक. गौडपादांचे म्हणणे असे की काही उत्पन्न झालेलेच नाही. पेटते कोलीत गरागरा फिरवले की आगीचे कडे दिसते, पण ते कडे कुठून आले आणि कुठे गेले हे विचारण्यात अर्थ नसतो. एका प्रसिद्ध कारिकेत ते म्हणतात, नाश नाही, उत्पत्ती नाही, बद्ध नाही, साधक नाही, मुमुक्षू नाही आणि मुक्तही नाही. म्हणजे कोणता ग्रंथ निवडावा या विचारात पडलेला वाचकही गेला! वैतथ्य (खोटेपणा) नावाच्या प्रकरणात तर जागृती आणि स्वप्न एकाच पारड्यात घातली आहेत. नवख्याने इथून सुरुवात केली, तर ‘सगळे स्वप्नच आहे’ एवढे एकच वाक्य घेऊन तो बाहेर पडतो.

शंकराचार्य हे वाक्य इतक्या सहज म्हणू देत नाहीत. परंपरेने गौडपाद त्यांच्या गुरूंचे गुरू. तरीही ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, बाहेर वस्तूच नाहीत म्हणणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्याला ते चांगलेच धारेवर धरतात. खांब, भिंत, घडा, वस्त्र हे दिसत असताना नाही कसे म्हणता? पोटभर जेवून तृप्त झालेल्या माणसाने ‘मी जेवत नाही, तृप्तही होत नाही’ असे म्हणावे, तसे हे झाले. पुढच्याच सूत्रावर ते सांगतात की जागेपणीचे ज्ञान स्वप्नासारखे नाही, कारण स्वप्नाचा जागे झाल्यावर बाध होतो, खांबाचा तसा होत नाही. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार आपल्या जागी खरा. आचार्यांना मायावादी, म्हणजे जगाला नुसता भ्रम म्हणणारे, असे हिणवणाऱ्यांनी निदान ही पाने वाचायला हवीत.

त्यांचा खरा रोख जगापेक्षा आपल्या चुकीवर आहे. भाष्याच्या आरंभीच अध्यासाची व्याख्या येते: जे ते नाही, त्याला ते समजणे. देह जाड आहे, मी म्हणतो ‘मी जाड’. डोळा अधू आहे, मी म्हणतो ‘मी आंधळा’. सगळी गफलत या ‘मी’त आहे, हे उलगडून दाखवण्यात या आरंभीच्या भागाला, अध्यासभाष्याला, तोड नाही.

पण एक काटा राहतोच. ही चूक ज्या अज्ञानातून होते, ती अविद्या कुणाची? जीवाची म्हणावी, तर जीव हा अविद्येमुळेच जीव झालेला. ब्रह्माची म्हणावी, तर शुद्ध ज्ञानस्वरूपाला अज्ञान चिकटले कसे? पुढे अद्वैतातल्याच भामती संप्रदायाने पहिली बाजू घेतली, विवरण संप्रदायाने दुसरी. अद्वैताचे टीकाकार रामानुजाचार्य यांनी नेमके इथेच बोट ठेवले.

ज्ञानेश्वर याच काट्याला हात घालतात. अमृतानुभवाची १० प्रकरणे, ओव्या सुमारे ८००, आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या सातव्या प्रकरणात, अज्ञानखंडनात. अज्ञान आत्म्याला झाकत असेल तर ‘अज्ञान आहे’ हे जाणले कुणी? आणि झाकत नसेल तर त्याला अज्ञान का म्हणायचे? अशी कोंडी करत करत ते अज्ञानाला उभे राहायला जागाच ठेवत नाहीत. मग दिसते ते काय? चैतन्याचाच विलास. चांगदेवपासष्टीत ते म्हणतात, ‘सोनें सोनेपणा उणें न येतांचि झालें लेणें’, म्हणजे सोनेपण जराही कमी न होता सोन्याचा दागिना झाला. साप गेल्याशिवाय दोरी कळत नाही. सोने ओळखायला मात्र दागिना मोडावा लागत नाही. माझ्या मते शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर यांच्या मतांतला सगळा फरक या दोन दृष्टान्तांत आहे.

मग ज्ञानेश्वरांनी मायावाद सोडलाच का? तसे म्हणणारे अभ्यासक आहेत, नाही म्हणणारेही आहेत. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे लांबलचक रूपक आहे, पंधराव्यात संसारवृक्ष खोटा ठरवला आहे. गीतेवर बोलताना ते शंकरांच्या बरेच जवळ असतात. अमृतानुभवात ते स्वतःचे बोलतात, एवढे मला पटते.

‘अमृतानुभव आपल्या मराठीत आहे, मग तोच आधी’ हा सल्ला मी देणार नाही. ती मराठी तेराव्या शतकातली आहे, हा झाला एक भाग. मोठी अडचण अशी की अज्ञान मानण्यामागची निकड ज्याला कधी जाणवली नाही, त्याला अज्ञानखंडन म्हणजे नुसती शब्दांची झटापट वाटेल. म्हणून आधी अध्यासभाष्य चांगल्या मराठी अनुवादातून वाचावे. ते मोजक्या पानांचे आहे. ‘अविद्या कुणाची?’ या प्रश्नाने बेचैन केले की सातवे प्रकरण उघडावे. कारिका सर्वांत शेवटी. भक्तीचा ओढा असलेल्याला, जग टाकून द्यायचे या कल्पनेनेच ज्याचा जीव घाबरतो त्याला, हा क्रम बदलायला हरकत नाही. त्याने पासष्टीपासून सुरुवात करावी. अवघ्या ६५ ओव्या एका बैठकीत होतात, आणि पहिलीच ओवी सांगते की परमात्मा लपतो तेव्हा जग भासवतो आणि प्रगटतो तेव्हा त्याचा घास घेतो.