सीडीसी की पॅराशूट? पाणी बघून ठरवा

सीडीसी आणि पॅराशूट या ट्राउट मासे धरायच्या दोन तरंगत्या फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेले नकली किडे. डबीत दोन्ही ठेवा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण फ्लाय बांधायला बसलं की कुठलीतरी एक जास्त बांधावी लागते आणि तिथेच माझी दोन सीझन चलबिचल चालली होती. दोन्ही १६ नंबरच्या गळावर, दोन्ही करड्या, एक सीडीसीची (बदकाच्या खास पिसांची) एफ-फ्लाय आणि दुसरी पॅराशूट ॲडम्स.

संथ पाण्यात सीडीसी सरस, हे आधीच मान्य करतो. डोह संपतो तिथे पाणी उथळ होतं, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ, आणि तिथला ट्राउट घाई अजिबात करत नाही. वर येतो, फ्लायला नाक लावून प्रवाहाबरोबर हातभर मागे सरकतो, नीट बघतो आणि मग घेतो नाहीतर वळून जातो. स्लोव्हेनियाच्या मार्यान फ्रात्निक यांच्या या एफ-फ्लायमध्ये आहेच काय, गळावर दोऱ्याचं अंग आणि वर बदकाच्या तेलग्रंथीभोवतीची दोन-तीन पिसं. त्या पिसांच्या तंतूंत हवा अडकते, फ्लाय अलगद उतरते. पॅराशूटचं हॅकल, म्हणजे कोंबड्याचं पीस, उभ्या खांबाभोवती आडवं गुंडाळलेलं असतं म्हणून तिचंही अंग पाण्याला चिकटून बसतं, ती फार मागे नाही, पण दहा बुजरे मासे असतील तर सीडीसी एखाद-दुसरा जास्त देईल असा माझा अंदाज.

खळाळत्या पाण्यात चित्र उलटं. ट्राउटला खालून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, तो जितका खोल त्याच्या साधारण सव्वादोन पट रुंद, आणि लाटांनी त्या खिडकीच्या चिंध्या होतात. त्याला बघत बसायला वेळच नसतो. फ्लाय वर राहिली पाहिजे आणि ती आपल्याला दिसली पाहिजे, बाकी बारकावे तिथे वाया जातात. माझी सीडीसी तिसऱ्या-चौथ्या कास्टला बुडते, पॅराशूट तरंगत राहते आणि तिचा पांढरा खांब लांबून दिसतो. फेसात मात्र पांढरा हरवतो, तिथे नारिंगी बांधा, आणि संध्याकाळी पाणी चांदीसारखं चमकतं तेव्हा काळा सगळ्यात छान दिसतो. (मोठ्या धोंड्यांमधल्या धबधब्यात दोन्ही नकोत, सरळ एल्क हेअर कॅडिस ही केसांची फ्लाय लावा.)

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. सीडीसीवर एक मासा लागला की फ्लाय मेली. बुळबुळीत चिकटा पिसांना लागतो, मग ती पाण्यात खळबळून धुवा, टिश्यूत दाबा, फुंका, कोरडी पावडर लावून हलवा, आणि एवढं करूनही ती पहिल्यासारखी फुलत नाही. एका संध्याकाळी समोर चार मासे सतत वर येत होते, पहिला काढला आणि मग मी बोटं ओली, प्रकाश कमी, अशा अवस्थेत ६एक्स टिपेट (दोरीचं अगदी बारीक टोक) नव्या फ्लायच्या डोळ्यात ओवत बसलो, गाठ दोनदा सुटली आणि मान वर केली तेव्हा पाणी शांत. ती अर्ध्या तासाची संधी माझी वाळवण्यातच गेली, खूप जीवाला लागलं ते. पॅराशूटला दोन-तीन खोटे कास्ट मारले (दोरी पाण्यावर न टेकवता हवेतच मागेपुढे फिरवली), फार तर थोडं तरंगवणारं जेल चोळलं की पुन्हा तयार. तेच जेल चुकून सीडीसीला लावलं तर तंतू चिकटून तिचा बोळा होतो, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक. मूळ ॲडम्स १९२२ मध्ये मिशिगनच्या लेन हॅलाडे यांनी बांधली, पॅराशूट रूप नंतरचं, आणि ती एका ठराविक किड्याची नक्कल नाही, बऱ्याच किड्यांसारखी दिसते, त्यामुळे डोहातून खळाळात जाताना फ्लाय बदलावी लागत नाही.

तुमचं सगळं पाणी संथ असेल तर कदाचित तुम्हाला सीडीसीच पटेल, मी वाद घालणार नाही. मी सध्या तीन पॅराशूटमागे एक सीडीसी बांधतो, आणि त्याच माशाने पॅराशूट दोनदा नाकारली तरच सीडीसी बाहेर काढतो.