फौजदारी वकिलाची सेवा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका कुटुंबाचा अनुभव

गेल्या वर्षी काजूच्या हंगामात बागायतीच्या सीमेवरून भांडण झाले, माझ्या धाकट्या भावाला अटक झाली आणि त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, गुन्हा नोंद झाला. या कलमात दुखापत झाली असल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे आणि खटलाही अजून चालू आहे, म्हणून आमच्या वकिलांचे नाव मी देत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी जामीन मिळेलच असे सांगितले नाही. निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाला ठरवता येत नाही, हे समजावून त्यांनी प्रत्येक टप्प्याची रक्कम कागदावर लिहून दिली. त्याच बैठकीत आमच्या एका नातेवाइकाने, भाऊ त्या वेळी घरीच होता अशी साक्ष देण्याची तयारी दाखवली. खोटा साक्षीदार उभा करायचा असेल तर दुसरा वकील बघा, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. आईला ते फार कठोर वाटले. माझा विश्वास मात्र तिथेच बसला.

फिर्यादीत डोक्यावर कोयत्याचा वार असे लिहिले होते, तर गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) वैद्यकीय अहवालात जखमेच्या कडा फाटलेल्या असल्याची नोंद होती. धारदार पात्याच्या जखमेच्या कडा सहसा सरळ असतात. जामीन अर्जाचा मुख्य भर याच विसंगतीवर होता, आणि सत्ताविसाव्या दिवशी भाऊ कोलवाळच्या कारागृहातून बाहेर आला.

त्यांच्या कामाचे मोल मला खऱ्या अर्थाने उलटतपासणीत कळले. हल्ल्यापूर्वी भाऊ ‘तुला जिवंत सोडत नाही’ असे ओरडला, असे फिर्यादीने न्यायालयात सांगितले. कलम १०९ मध्ये सगळा प्रश्न हेतूचा असल्यामुळे या एका वाक्याने खटल्याचे पारडे फिरले असते. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात मात्र ते वाक्य नव्हते. जबाब कोकणीत दिलेला आणि इंग्रजीत टंकलेला, म्हणून आदल्या रात्री वकिलांनी मला समोर बसवून, मूळ बोलणे काय असू शकेल, याचा ओळीओळीने विचार केला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी, आवाज जराही न चढवता, पोलिसांनी जबाब वाचून दाखवला होता आणि तो बरोबर होता, हे आधी साक्षीदाराकडून वदवून घेतले. मग ते वाक्य त्यात का नाही एवढेच विचारले, आणि साक्षीदाराला त्याचे कारण सांगता आले नाही तेव्हा तो विषय तिथेच सोडला. आणखी एक प्रश्न विचारण्याचा मोह आवरणे ही त्या दिवसाची सर्वांत मोठी कामगिरी होती, असे माझे मत आहे.

उणिवाही आहेत. दोन वेळा ते दुसऱ्या न्यायालयात अडकले आणि त्यांच्या कनिष्ठ वकिलाने पुढची तारीख घेतली; आम्ही वाळपईहून पहाटे निघून दुपारपर्यंत पुकाऱ्याची वाट पाहत होतो. तसा निरोप आदल्या दिवशी देता आला असता. फीची पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावे की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आम्हाला हे दागिने गहाण टाकल्यानंतर कळले. पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची आहे. ती झाल्यावर या लेखनात भर घालीन.