नायट्राइल की व्हायटन? आरएक्स १००चे क्रँक सील

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकचं उत्पादन १९९६ला थांबलं. इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना हवा आणि तेल अडवणारे रबरी सील असतात; मूळ सील अजून आत असतील, तर ते केव्हाच वाळलेले. मॅग्नेट बाजूचा सील हवा ओढू लागला की गाडी आपोआप रेस धरते, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टन जाम. क्लच बाजूचा गेला की गिअर ऑइल जळून पांढरा धूर.

साध्या नायट्राइल रबराचा सील स्वस्त, कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो, साधारण १०० अंशांपर्यंत निभावतो. व्हायटन या दुसऱ्या रबराचा बराच महाग, पण २०० अंशांच्या आसपासही मऊ राहतो आणि इथेनॉलच्या पेट्रोलला जास्त दाद देत नाही. रोजच्या गाडीला मी व्हायटनच घालेन. इंजिन उघडायची मजुरीच सीलपेक्षा जास्त होते ना! वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला नायट्राइल पुरे.

माझ्या गाडीतला जुना सील काढला, तर त्याची कड नखाने दाबेना, बांगडीसारखी कडक. शाफ्टवरूनही नख फिरवा. खाच लागली, तर व्हायटनसुद्धा गळणार. मग जागा असेल तर सील केसभर अलीकडे बसवायचा, म्हणजे कड खाचेवर येत नाही. कडेला ग्रीस लावायला विसरू नका, कोरडा सील पहिल्याच किकला घासतो.